बुवापाड्याची उघडी तक्रार

माझं काम काय होतं, हे मी आईला बऱ्याचदा समजावून सांगितलं आहे. सगळं शांतपणे ऐकून घेऊन ती शेवटी एकच विचारते, "पण तू विकत काय होतास?" मी काहीच विकत नव्हतो. विकणाऱ्यांना त्यांच्या गिऱ्हाइकांची आठवण राहावी, एवढी सोय मी करत होतो. दुसऱ्यांना आठवण करून देण्यावर ज्याचं पोट चालायचं तो माणूस स्वतः काय विसरून बसला होता, ते आज लिहितो आहे. वाचून हसू आलं तर हसा. मला हसता यायला जरा वेळ लागला.

दोन हजार आठ-नऊचा सुमार. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात लोडशेडिंग इतकं नेमानं चाले, की माणसं घड्याळापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवत. पत्रिका छापायच्या आधी आपल्या भागाचं लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून मगच भटजींकडे गेलेला एक वधूपिता मला ठाऊक आहे. अशा दिवसांत इन्व्हर्टर विकणारा माणूस उपाशी राहणं शक्यच नव्हतं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या आमच्या हासानंद शेठचं दुकान जोरात होतं.

इन्व्हर्टर म्हणजे साधी गोष्ट. लाईट असताना बॅटरीत वीज साठवायची, लाईट गेली की तिच्यावर पंखे आणि ट्यूब चालवायच्या. बॅटरीला मात्र दर दोन-तीन महिन्यांनी शुद्ध पाणी पाजावं लागतं. गिऱ्हाईक ते विसरतं, बॅटरी मरते, आणि मग गिऱ्हाईक शेठच्या नावानं शंख करतं. हा शंख ऐकण्यासाठी दुकानात कविता होती. कविता कुळगावची. घरी भातशेती, भाऊ शेतात, आणि ही बारावीनंतर आमच्या फोनवर. बोलणं इतकं गोड आणि इतकं चिवट, की भांडायला फोन केलेला माणूस शेवटी "माझंच चुकलं, ताई" म्हणून फोन ठेवायचा. पाणी पाजायला बाळू मेकॅनिक होता. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन लटकवून तो तिन्ही गावं फिरायचा.

मी मुंबईतल्या एका कंपनीत प्रोग्रामर होतो. मंदी आली, नोकरी गेली. शेठनी मला जूनपर्यंतच्या बोलीवर ठेवून घेतलं. "जून तक देखता हूँ. चला तो चला. नहीं चला तो कविताची वही चालू, और तुम्हारा नमस्ते."

तेव्हा 'क्लाउड' हा शब्द आमच्याकडे नवा होता. शेठला मी सांगितलं, गिऱ्हाइकांची माहिती आपल्या दुकानात राहणारच नाही. ती लांब कुठंतरी एका मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर राहील. आपण इंटरनेटवरून तिथं जायचं, काम करायचं, आणि माणशी भाडं भरायचं.

शेठनी गणित केलं. "मतलब गोदाम उनका, माल अपना, और भाडा भी अपना?"

"हो."

"तो मेरा फायदा किसमें है?"

"ते गोदाम स्वतः काम करतं, शेठ."

हे वाक्य मी फार ऐटीत म्हटलं होतं. आता त्याची लाज वाटते. पण खोटं नव्हतं. त्या यंत्रणेत नियम लिहून ठेवता येत. अमुक झालं की तमुक कर. दुकानाच्या दाराला घंटा बांधली की दार उघडताच ती वाजते, वाजवायला माणूस लागत नाही, तसंच. बॅटरी विकल्याची नोंद झाली की पुढच्या पाण्याचं काम आपोआप बाळूच्या नावावर पडे. पाणी घातलं की त्याच्या पुढचं काम तयार. कविताला काही लक्षात ठेवावं लागत नसे.

तक्रारींचे नियम मी जास्त कडक केले, कारण बाळू चहाच्या टपरीवरूनच "झालं काम" असं कळवायचा. म्हणून नियम असा: गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं "समाधान झालं" म्हणत नाही, तोवर तक्रार बंद होणार नाही. पहिल्या दिवशी सुटली नाही, तर जबाबदार माणसाच्या मोबाईलवर मेसेज. दुसऱ्या दिवशीही नाही, तर थेट शेठच्या मोबाईलवर. आणि उघडी असेपर्यंत दर शनिवारी जबाबदार माणसाला हुकूम: ग्राहकाला प्रत्यक्ष भेटा. कोणी वैतागून गिऱ्हाइकाचं नावच पुसून टाकू नये, म्हणून तेही बंद केलं. उघडी तक्रार असलेलं नाव पुसता येत नसे. बाळू म्हणाला, "साहेब, तुम्ही लहानपणी वर्गाचे मॉनिटर होता काय?" होतो.

आता धंद्यातली एक बारीक गोष्ट सांगतो. नवशिका प्रोग्रामर एका गिऱ्हाइकापुरता विचार करतो. एक नाव उचल, तपास, मेल पाठव, मग दुसरं नाव उचल. पण त्या यंत्रांवर हजारो कंपन्या भाडेकरू. एकानंच फार फेऱ्या मारल्या, तर यंत्र त्याचं काम मध्येच तोडून टाकतं, घरमालकानं मेन स्विच पाडावा तसं. म्हणून जाणकार माणूस सगळी नावं आधी गोळा करतो आणि एकाच फेरीत निपटतो. चाळीतल्या सगळ्यांचं रॉकेल एकानंच एका फेरीत आणावं, तशी ही रीत. मी जाणकार होतो. माझा प्रोग्राम कितीही नावं आली तरी मध्येच अडकत नसे. हे जरा लक्षात असू द्या.

प्रोग्राम चालतो की नाही हे बघायला एक खोटं गिऱ्हाईक लागतं. बहुतेक लोक 'अबक' असं काहीतरी नाव टाकतात. मी माझ्या वडिलांचं टाकलं. काशिनाथ गायकवाड, बुवापाडा, अंबरनाथ. पत्ता खरा, मोबाईल नंबर खरा, जन्मतारीख त्यांच्या रिटायरमेंटच्या कागदावरची. आणि माल? चाचणीच करायची तर दणदणीत करावी, म्हणून त्यांच्या नावावर दुकानातला सगळ्यात मोठा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या टाकल्या. जबाबदार कर्मचारी: मिलिंद काशिनाथ गायकवाड, म्हणजे मीच. बाळूची फुकट फेरी नको, म्हणून त्या नावावरचं पाण्याचं काम तेवढं बंद ठेवलं.

खरी परिस्थिती सांगायलाच हवी. बदलापूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर होता. दुकानातला शोरूमचा पीस मला लागल्या लागल्या मिळाला होता. बुवापाड्यात आई-बाबांच्या घरी लाईट गेली की हातपंखा होता. बाबा रसायनाच्या कारखान्यात आयुष्यभर राबलेले, युनियनच्या कमिटीवर लिखापढी करणारे. त्यांनी कधी मागितलं नाही. आईनं एकदा विचारलं, "आम्हाला पण बसतो का रे तो?" मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात बसवतो." मग म्हणालो, कायम झालो की बसवतो. मग म्हणालो, नवीन मॉडेल येतंय. बदलापूर ते अंबरनाथ अंतर ते किती! पण मी महिन्या-महिन्यानं जायचो, आणि जाताना केळी न्यायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि कॉम्प्युटरवर मात्र बाबांच्या घरात दोन बॅटऱ्या झगमगत होत्या.

दिवाळीनंतर यंत्रणा सुरू झाली आणि चांगली चालली. शेठ खूश झाले, आणि खूश झाल्यावर त्यांना कल्पना सुचली. "मिलिंद, गिऱ्हाईक का बर्थडे पता है अपने को?"

"नाही."

"पता करो. बर्थडे के दिन पाणी टाकायला बाळू जाएगा, साथ में केक लेके जाएगा. छोटासा. नाव लिहून. गिऱ्हाईक मरते दम तक दुसरे दुकान में नहीं जाएगा."

केक शेठच्या मेव्हण्याच्या बेकरीतून यायचे होते, ही बाब कल्पनेच्या मुळाशी असावी. मी नियम लिहिला. वाढदिवसाच्या आदल्या सकाळी बेकरीला आपोआप मेल जाईल, नाव आणि पत्त्यासकट. बाळूच्या नावावर काम पडेल. गिऱ्हाइकाला शुभेच्छांचा मेसेज जाईल. आणि जन्मतारखेशिवाय नियम चालणार नाही, म्हणून मी तो रकाना सक्तीचा केला. तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जाईना.

कविता फोन करून करून थकली. "सर, पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना तारीख माहीतच नाही. एक आजोबा म्हणतात, आमच्या गावाला आग लागली त्या वर्षी. काय टाकू? आग?"

मी म्हणालो, "शाळेच्या दाखल्यावर असेल ती टाका."

हे माझं वाक्य. मराठी मुलखात जन्मलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या, आणि स्वतःच्या बापाचा दाखला पाहिलेल्या माणसाचं वाक्य.

हिवाळाभर झकास चाललं. आठवड्याला दोन-चार केक जायचे. गिऱ्हाइकं फोन करून शेठना दुवा द्यायची. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. प्रोग्रामला सुट्टी नसते.

एक जूनला सकाळी मी कॅम्प दोनमध्ये पोचलो तेव्हा दुकानासमोर गर्दी होती. आधी वाटलं, शेठचं काही बरंवाईट झालं. पुढं गेलो तर फुटपाथवर, दुकानाच्या पायरीवर, काउंटरवर आणि बॅटऱ्यांच्या रांगांवर पांढरे पुठ्ठ्याचे खोके. शेठचा मेव्हणा टेम्पोतून आणखी उतरवत होता. चेहरा रात्रभर जागलेला, पण आनंदी. "मिलिंदभाई, क्या ऑर्डर दिया है! क्रीम खतम हो गया, आखिर में नाम जॅम से लिखा. चलेगा ना?"

मी एक खोका उघडला. 'हॅपी बर्थडे बाबूरावजी'. दुसरा. 'हॅपी बर्थडे तुकारामजी'. तिसऱ्यावर जॅमनं लिहिलं होतं, 'हॅपी बर्थडे सखूबाई'. कॉम्प्युटर लावला. सगळ्यांची जन्मतारीख एकच. एक जून.

ज्यांना हे माहीत नसेल अशा तरुण वाचकांसाठी सांगतो. पूर्वी घरात मूल जन्मलं की तारीख कोणी लिहीत नसे. शाळेत नाव घालायची वेळ आली की मास्तर मुलाकडं बघून अंदाज करत आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून बिनदिक्कत एक जून लिहून टाकत. महाराष्ट्रात एका पिढीतली अर्धी माणसं कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली आहेत. आणि इन्व्हर्टर घेण्याइतकी ऐपत आलेली, गुडघे दुखणारी, उकाडा न सोसणारी जी पिढी आमची गिऱ्हाईक होती, ती नेमकी हीच.

माझा प्रोग्राम वाईट लिहिलेला असता, तर पाच-पंचवीस केकनंतर यंत्रानं त्याचा गळा धरला असता आणि मी वाचलो असतो. पण तो उत्तम लिहिलेला होता. एकाच फेरीत सगळे निपटले. एकही नाव सुटलं नव्हतं. खरं सांगतो, त्या प्रसंगातही मला जरासा अभिमान वाटला.

तेवढ्यात लाईट गेली.

जूनची सकाळ, पाऊस नाही, वर पत्रा. जॅम ओघळायला लागला. बाबूरावजींचे 'जी' खाली सरकू लागले. बाळूनं शोरूममधले सगळे इन्व्हर्टर जोडले, सगळे टेबलफॅन केकच्या दिशेनं फिरवले. आम्ही घामानं निथळत उभे आणि केक वाऱ्यात. समोरचा कापडवाला म्हणाला, "वाह, क्या डेमो है!" आणि त्यानं खरंच किंमत विचारली.

शेठ आले. गाडीतून उतरता उतरताच ओरडले, "छा थ्यो, क्या हुआ? ये क्या है? मैं इन्व्हर्टर बेचता हूँ के केक बेचता हूँ?"

मी सगळं सांगितलं. दोष माझा, मला हे सुचायला हवं होतं, माझा हिशेब करून टाका, इथपर्यंत सांगून टाकलं. मला असं बोलायची सवयच आहे. बायको म्हणते, "तुम्हाला कोणी आरोपी म्हणायच्या आधी तुम्ही शिक्षा भोगून मोकळे होता."

शेठ म्हणाले, "हिशेब तो करेगा ही. पण मला एक सांग, इतने लोग एक दिन में पैदा होते हैं? कॉम्प्युटर को अक्कल नहीं? तेरे को अक्कल नहीं? कोणाला पण विचार..."

तेवढ्यात कविता एक खोका घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. झाकण उघडलं. आत क्रीमनं, अगदी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'हॅपी बर्थडे हासानंदजी'.

यंत्रणेतलं पहिलं गिऱ्हाईक म्हणून शेठनी हट्टानं स्वतःचं नाव घालून घेतलं होतं.

"शेठ, दाखल्यावरची तारीख तुम्हीच दिली होती," कविता म्हणाली. "हॅपी बर्थडे."

शेठ केककडं बघत राहिले. मग स्टुलावर बसले. त्यांचा आवाज उतरला होता. "हम लोग सिंध से आए, मैं गोदी में था. इधर कॅम्प के स्कूल में मास्टर ने पूछा, कब का है? माँ बोली, थदड़ी के आसपास. मास्टर मराठी था. उसको थदड़ी क्या मालूम. लिख दिया." थदड़ी हा त्यांचा सण, त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं गार जेवतात. पावसाळ्यात येतो. "आज तक किसीने केक नहीं दिया, अपने मेव्हण्यानं पण नाही."

मेव्हणा खोके मोजण्यात गुंतला.

शेठ उठले. "माल वापस नहीं जाएगा. सबका बर्थडे झूठा है, तो मेरा भी झूठा है. बाँटो."

मग टेम्पो, रिक्षा, बाळूची मोटरसायकल, शेठची स्वतःची गाडी. पाण्याच्या कॅनसोबत केक. दुपारभर फोन वाजत होते. एक आजोबा कविताला म्हणाले, "पोरी, आमच्या हिच्या नावाचा पण आलाय, आणि माझ्या नावाचा पण. आम्ही जुळे आहोत काय?" एका आजींनी केक परत पाठवला, कारण त्यांना अंड्याचा संशय होता. पण वरचं नाव तेवढं सुरीनं अलगद काढून ठेवून घेतलं होतं.

संध्याकाळी बाळू परत आला तो गंभीर चेहऱ्यानं.

"साहेब, एक लफडा आहे. बुवापाड्यात एका म्हाताऱ्याच्या घरी केक दिला. पाणी टाकायला बॅटरी बघतो, तर बॅटरी नाही. इन्व्हर्टर नाही. कॉम्प्युटर बोलतो, सगळ्यात मोठा पीस, दोन बॅटऱ्या. घरात हातपंखा. साहेब, आपला माल चोरीला गेलाय. मी त्यांना बोललो, काका, गप्प बसू नका, तक्रार करा. नंबर देऊन आलो."

मी विचारलं, "काका काय म्हणाले?"

"काही नाही. हसले. नंबर नीट लिहून घेतला."

चाचणी झाल्यावर खोटं गिऱ्हाईक पुसून टाकायचं असतं. मी विसरलो होतो. मी धावत कॉम्प्युटरकडं गेलो, बाबांचं नाव काढलं, पुसायचं बटण दाबलं. उत्तर आलं: या ग्राहकाची तक्रार उघडी आहे. नाव पुसता येणार नाही.

तक्रार कवितानंच घेतली होती. गिऱ्हाईक बोलेल ते शब्दशः लिहायचं, हाही माझाच नियम. मजकूर असा होता: 'आपल्या कॉम्प्युटरनुसार माझ्याकडे मोठा इन्व्हर्टर व दोन बॅटऱ्या आहेत. प्रत्यक्षात हातपंखा आहे. तरी सदर तफावत त्वरित दूर करावी.'

युनियनच्या कमिटीवरची भाषा! मॅनेजमेंटला पत्र लिहावं तशी.

"आवाज एकदम शांत होता, सर," कविता म्हणाली. "मी विचारलं, काका, तुमचं आमच्याकडं कोणी ओळखीचं आहे का? तर म्हणाले, होता एक."

नियम बंद करून ते नाव पुसणं मला अशक्य नव्हतं. सगळ्या किल्ल्या माझ्याकडंच होत्या. पण 'होता एक' ऐकल्यावर हात पुढं गेला नाही. बाबांना फोन करायचंही धैर्य झालं नाही. सकाळी सांगू, असं ठरवलं, आणि सकाळही तशीच घालवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बदलापूरला जेवत असताना मोबाईल वाजला. 'प्रलंबित तक्रार. ग्राहक: काशिनाथ गायकवाड. जबाबदार: मिलिंद काशिनाथ गायकवाड.' डोक्यावर पंखा चालू होता, इन्व्हर्टरवर. बायकोनं मेसेज वाचला आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. ती रागावली की असंच करते.

त्याच्या पुढच्या दिवशी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून ते वाचत होते. "बुवापाडा का ये काशिनाथ कौन है? और तेरे बीच के नाव में काशिनाथ कसा आला?"

मी सांगितलं. सगळं. बदलापूरच्या शोरूमच्या पीसपासून केळ्यांपर्यंत.

शेठनी मोबाईल टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "टेस्टिंग के लिए तेरे को बाप ही मिला?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"मेरे से माँगता तो मैं देता नहीं था क्या? बाळूला घे, सगळ्यात मोठा पीस उचल. कॉम्प्युटर में जो लिखा है, वही बैठना चाहिए. दो बॅटरी. पगार से कटेगा, धीरे धीरे. और सुन, कंप्लेंट बंद होने के बाद ही तेरा पक्का करूँगा. उसके पहले नहीं."

म्हणजे माझी नोकरी आता बाबांच्या एका शब्दावर आली होती.

मी आणि बाळू सामान घेऊन बुवापाड्यात पोचलो. घरात बाबा आणि आळीतले त्यांचे चार-पाच जुने सोबती बसले होते. तेही आमचीच गिऱ्हाइकं, त्यामुळं प्रत्येकाकडं एकेक केक गेला होता. त्यांनी सगळ्यांचे उरलेले तुकडे एका ताटात एकत्र केले होते आणि चहाबरोबर चालू होतं.

"या, मॅनेजमेंट आली," बाबा म्हणाले.

आई आतून म्हणाली, "केळी आणलीस का?"

नव्हती आणली. तिच्या या एका प्रश्नानं मला कळलं, मुलाचं येणं म्हणजे केळी, एवढंच या घरात उरलं होतं.

बाळूनं बॅटऱ्या बसवल्या, तारा ओढल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. तोंडातून निघून गेलं, "बाबा, चुकलंच माझं. तारीख पण तुमचीच टाकली होती, तरी मला..."

"त्या तारखेनं आम्हाला पुष्कळ फसवलंय, तू काय वेगळं केलंस?" बाबा म्हणाले. "माझी आई सांगायची, तू झालास तेव्हा रानात हरभरा घाट्यावर होता. म्हणजे भर थंडी. मास्तरांनी लिहिला जून. आणि शाळेत कधी घेतलं? तेव्हा उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. कान हाताला लागला की पोरगं शाळेचं झालं. माझे हात लांब. पाचवं पूर्ण व्हायच्या आधीच लागला. मास्तर म्हणाले, सहा पूर्ण. त्यामुळं कारखान्यानं मला हक्काच्या दीड वर्ष आधी घरी पाठवलं." त्यांनी आपले दोन्ही हात पुढं करून बघितले. "हात आखूड असते, तर दीड वर्षाचा पगार जास्त मिळाला असता."

सोबती हसले. त्यातल्या एकानं तिथल्या तिथं हात डोक्यावरून नेऊन कानाला लावायचा प्रयत्न केला. खांदा अखडला, लागला नाही. "बघ, मी अजून शाळेत जायला झालो नाही," तो म्हणाला.

बाळूचं काम झालं. त्यानं दुकानात फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काका, इन्व्हर्टर बसला का?" कविता.

"बसला."

"मग समाधान झालं, असं लिहू ना?"

"लाईट जाऊ दे. चालतो का बघतो. मग सांगतो."

रीतसर होतं. आम्ही लाईट जायची वाट बघत बसलो. वेळापत्रकाप्रमाणं दुपारी जायची होती. गेली नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बुवापाड्याची लाईट त्या दुपारी गेली नाही. सोबत्यांपैकी एकजण बाहेर जाऊन खांबाकडं बघून आला. दुसरा म्हणाला, "आपल्याला हवं तेव्हा काहीच जात नाही." शेठचा फोन आला, "गई क्या?" पुन्हा आला, "अब भी नहीं गई?" आईनं चहा टाकला. लोडशेडिंगसाठी देवाची आळवणी करणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्यांत सगळ्यात पुढं मी होतो.

ऊन कलायच्या बेताला एकदम सगळीकडचे आवाज बंद झाले. शेजारचा रेडिओ, पलीकडचा मिक्सर, सगळं. आणि त्या शांततेत बाबांच्या घरातला पंखा फिरत राहिला.

 आई पदर सावरून पंख्याखाली येऊन बसली. मग दारात शेजारच्या बायका आल्या, त्यांच्यामागे आणखी कोणी आलं, आणि खोली भरून गेली.

बाळूनं पुन्हा फोन लावला. "ताई, गेली लाईट. पंखा चालू आहे."

"काका," कविताचा आवाज आला, "आता तरी लिहू ना, समाधान झालं?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग फोनकडं झुकून विचारलं, "पोरी, मी नाही म्हटलं तर काय होतं?"

"तक्रार उघडी राहते, काका."

"आणि मग?"

"मग आमच्या माणसाला दर शनिवारी मेसेज जातो. ग्राहकाला प्रत्यक्ष भेटा."

"दर शनिवारी?"

"हो. बंद होईपर्यंत."

"मग राहू दे उघडी," बाबा म्हणाले, आणि पंख्याकडं तोंड वर करून बसले.

पलीकडून कविताचं हसू ऐकू आलं. बाळू खाली मान घालून तारा गुंडाळत होता. आई म्हणाली, "आता केळी आणलीस तरी चालेल."

शेठनी मला कायम केलं. अट मोडलीच कशी, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बंद होने के बाद बोला था मैं? गलत बोला था." वाढदिवसाचे केक शेठनी चालू ठेवले, पण जन्मतारखेचा सक्तीचा रकाना मी काढून टाकला. एक जूनसाठी मात्र मेव्हण्याला दरवर्षी आधीच सांगून ठेवावं लागे, कारण तारीख बदलायला कोणी तयार नव्हतं. कवितानं बाबांनाही विचारलं होतं, हरभऱ्याच्या दिवसांतली एखादी टाकू का? ते म्हणाले, "नको. आमचे सगळे त्या दिवशीच येतात."

पुढं लोडशेडिंग गेलं, शेठ सौर पंप विकू लागले, मी त्यांची यंत्रणा सोडून दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रणा बांधत गेलो. अलीकडं शेठच्या मुलानं सगळी माहिती नव्या यंत्रणेवर नेताना मला मदतीला बोलावलं. त्याच्याकडचा एक हुशार तरुण जुनी माहिती चाळत होता. तो म्हणाला, "सर, इथं एक खूप जुनी तक्रार उघडी पडली आहे. बुवापाडा. बंद करून टाकू का?"

मी घड्याळाकडं पाहिलं. शनिवार होता. म्हणालो, "नको. मी तिकडंच निघालोय."